मुलगी तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणते, अडवू का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. मार्क चांगले पडतात, पण तिला तत्त्वज्ञानात बी.ए. करायचंय. ‘विचारांनीच सरकारं आणि कायदे बदलले,’ असं ती मला ऐकवते. मला या घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या वाटतात. – एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. मुलगी चूक बोलत नाही, पण अर्धंच बोलतेय.

इटलीतल्या मिलानचा विचारवंत चेझारे बेक्कारिया घ्या. कायद्याचा पदवीधर, स्वभावाने जरा आळशीच. १७६४ साली, २६व्या वर्षी, त्याने गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, तेही नाव न घालता. तेव्हा युरोपातल्या बऱ्याच कोर्टांत आरोपीचे हाल करून कबुली काढणं रीतसर मानलं जाई. बेक्कारियाने विचारलं, गुन्हा सिद्ध झालाय तर छळ कशाला? आणि झाला नसेल, तर तुम्ही निरपराध माणसाला छळत नाही कशावरून? शिवाय छळात धट्टाकट्टा गुन्हेगार तगतो, अशक्त निर्दोष माणूस मात्र कबूल होऊन बसतो. याच विचारांच्या प्रभावातून १७८६ मध्ये इटलीतल्याच टस्कनीच्या राज्यकर्त्याने छळही बंद केला आणि फाशीही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, तो मुद्दाही याच वादातला.

आता उरलेलं अर्धं. बेक्कारियाला तुरुंगातलं वास्तव कळलं कुठून? त्याचा मित्र अलेस्सांद्रो व्हेर्री मिलानमध्ये कैद्यांची गाऱ्हाणी बघणाऱ्या पदावर होता. ती माहिती नसती तर पुस्तक नुसतं सुविचारांचं झालं असतं. आणि तुमच्या काळजीबद्दल सांगायचं तर, बेक्कारिया १७६८ मध्ये प्राध्यापक झाला, १७७१ पासून मरेपर्यंत सरकारी नोकरीत होता!

म्हणून माझा सल्ला : तत्त्वज्ञानात बी.ए. करू द्या, पण पुढे सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं हे आत्ताच ठरवा. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा लॉ कोर्सही आहे. मात्र तिची ओढ पाहता मी पहिली वाट धरीन. नुसतं एम.ए., नेट करून प्राध्यापकी करायची तर जागा मोजक्या आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं थांबायची तयारी हवी. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, हे शेजारी सांगतीलच. पण त्या ५०० मार्कांसाठी पदवीचा विषय निवडू नका.

एक करा. बारावीची परीक्षा संपली की, कोर्टाला मे महिन्याची सुटी लागायच्या आत, तिला आठवडाभर जिल्हा न्यायालयात बसवा. सुनावणी सहसा कुणालाही बघता येते. तारखांवर तारखा पाहूनही ती कंटाळली नाही, तर मला पुन्हा लिहा. मग कॉलेजचं बोलू.