अक्कलदाढ काढताना डॉक्टर बोन ग्राफ्ट (खड्ड्यात हाडाची भुकटी भरणं) सुचवतायत. करावंच लागतं का? त्याने जास्त दुखतं का?

बहुतेकांना लागत नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि काही महिन्यांत हाड आपोआप भरतं. तिथे इम्प्लांट (कृत्रिम दात) बसवायचं नसतं, मग नुसता खड्डा बुजवायला ग्राफ्ट कशाला? माझा दादाही हेच म्हणाला होता. मी ऐकलं आणि फसले.

माझी खालची अक्कलदाढ हाडात आडवी पडलेली, पुढच्या दाढेच्या मुळाला टेकलेली. वय ३४. सर्जननी त्या पुढच्या दाढेमागे सळई घालून मोजलं, पॉकेट (हिरडी आणि दाढ यांच्यातली फट) ६ मिलिमीटर खोल. "इथलं हाड आधीच झिजलंय, दाढ काढतानाच ग्राफ्ट टाकू," म्हणाले. दादाने घरी उडवूनच लावलं. "माझी काढली तेव्हा कुठे काय भरलं होतं? पैसे काढायचे धंदे सगळे." मी नको म्हणून सांगितलं.

दीड वर्षाने त्याच दाढेमागे रोज अन्न अडकायला लागलं. गार पाण्याने कळ यायची. सकाळी बोट दाबलं की हिरडीतून घाण चव यायची. पुन्हा तीच खुर्ची, तीच काळ्या खुणांची सळई. डॉक्टर आकडे सांगत होते, सहायक लिहून घेत होती: तीन, तीन, आठ. तो आठ ऐकून पोटात गोळा आला. परत हिरडी उघडली, साफ केलं, ग्राफ्ट भरलं, वर मेम्ब्रेन (झाकणारा पातळ पडदा), टाके. एकदाच होणारं काम दोनदा झालं. आता पॉकेट ४ वर आहे, दाढ वाचली.

दादा अजून म्हणतो, "माझं काय चुकलं?" चुकलं हे की त्याची दाढ १९व्या वर्षी निघाली, सरळ होती आणि शेजारचं हाड शाबूत होतं. पंचविशीनंतर, आडव्या दाढेला, शेजारी आधीच खोल पॉकेट असताना हिशेब वेगळा असतो. दुसऱ्याच्या जबड्यावरून सल्ला देऊ नये, घरातल्या मोठ्यांनीसुद्धा.

तेव्हा ग्राफ्ट हवं की नको हे नंतर, आधी शेजारच्या दाढेमागे पॉकेट किती मिलिमीटर आहे ते विचारा. ३ पर्यंत असेल तर बहुधा ग्राफ्ट लागत नाही. ५ च्या वर असेल तर घरच्यांचं ऐकू नका.

हो, पू झालेला असेल तर बहुधा आधी तो बरा करतात, ग्राफ्ट नंतर. सिगारेट ओढत असाल तर ते नीट धरण्याची शक्यता कमी. आणि काही ग्राफ्ट गाईबैलांच्या हाडापासून बनवतात, चालत नसेल तर आधीच सांगा, कृत्रिम पर्याय असतात. दुखतं ते मुख्यतः दाढ काढल्याचंच.