खानापुरातला पहिला पावसाळा: बुरशीचं आधी एवढं बघा

ताई, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस नव्या माणसाला जड जातो, पण घाबरू नका, घर कोरडं ठेवता येतं.

बुरशीला ओल लागते. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, खिडकीच्या चौकटीची फट. ते सोडून भिंतीला नुसता रंग मारणं ही नेहमीची पहिली चूक. थोड्याच दिवसांत रंगाखालून काळे ठिपके वर येतात. भिजलेली गादी, सतरंजी 24 ते 48 तासांत वाळलीच पाहिजे.

- कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागचा कोपरा हातानं चाचपा. गार, दमट लागला तर तिथंच लक्ष ठेवा.
- डाग कोरड्या झाडूनं झाडू नका, बुरशीचे बीजाणू (ती ज्यानं पसरते ते बारीक कण) घरभर उडतात. मास्क, हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं पुसा आणि लगेच पंखा लावा. घरात दमेकरी असेल तर हे काम त्याला देऊ नका.
- ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. पोरांनाही सांगून ठेवा.

विहिरीचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवून मगच प्या. बुरशीसाठी महागडी यंत्रं, फवारे एवढ्यात घेऊ नका.