दुखतंय हे सरांना सांगितलं तर टीममधून काढतील का?

गेल्या आठवड्यात एका मुलाचा मेसेज आला. एसवायला आहे, कबड्डी खेळतो, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये सिलेक्शन झालंय, पण कॅम्प आणि इंटरनल परीक्षा एकाच आठवड्यात आलेत आणि त्यात गुडघा सुजतोय. शेवटी लिहिलंय, "सरांना सांगितलं तर काढतील, नाही सांगितलं तर गुडघा जाईल, डिपार्टमेंटला सांगितलं तर म्हणतात खेळायला कोणी सांगितलं होतं. मॅडम मी नक्की कोणाला सांगू?"

मी कॉलेजमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आणि हा मेसेज मला दरवर्षी येतो, खेळ बदलतो, दुखणारी जागा बदलते, बाकी सगळं तेच. त्याला उत्तर लिहायला बसले आणि आमच्याकडची एक मुलगी आठवली. तिला विचारून लिहितेय, काही तपशील बदललेत, नाव घेत नाही.

ती माणदेशातली. पंधराशे आणि पाच हजार मीटर पळायची. त्या भागात ललिता बाबरचं नाव घरोघर माहिती आहे, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीची) फायनल गाठणारी, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरची फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई, आणि तीही माण तालुक्यातल्या मोही गावची. त्यामुळे पोरगी पळते म्हटल्यावर गावाला लगेच तेच दिसतं. हिचं युनिव्हर्सिटी टीममध्ये सिलेक्शन झालं तेव्हा गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागला होता. तो फोटो तिने मला पहिल्याच भेटीत दाखवला आणि दाखवता दाखवताच रडायला लागली.

खरं तर ती माझ्याकडे रडायला आली नव्हती, सही मागायला आली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, हजेरी ७५ टक्क्यांच्या बरीच खाली, प्रॅक्टिकलची जर्नल सही होईना, आणि डिपार्टमेंटमधल्या कोणीतरी सांगितलं की समुपदेशकांचं पत्र आण मग बघू. मी तिला दिवस कसा जातो ते विचारलं. पहाटे साडेपाचला ग्राउंड, साडेसातचं लेक्चर (अर्ध्या वेळा चुकलेलं, कारण अंघोळ करून पोचेपर्यंत आठ), मग प्रॅक्टिकल, संध्याकाळी पाच ते साडेसात परत ग्राउंड, आणि होस्टेलची मेस साडेआठला बंद. स्ट्रेचिंग वगैरे करून ही पोचायची पावणेनऊला. मग काय खातेस? म्हणाली, "पार्ले, कधी मॅगी, रूममेटने ठेवली तर चपाती."

मी खेळाडू नाही. पण हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न हजेरीचा आला नाही. मी विचारलं पाळी येते का वेळेवर. तिने मान खाली घातली, म्हणाली पाच महिने नाही आली, पण ग्राउंडवरच्या मुली म्हणतात चांगलंच आहे, कटकट गेली, म्हणजे ट्रेनिंग लागू पडतंय. आणि मग हळूच सांगितलं की डाव्या नडगीत एका जागी दुखतं, बोटाने दाबलं की डोळ्यांत पाणी येतं, आधी फक्त पळताना दुखायचं आता रात्री झोपल्यावर पण ठणकतं. किती दिवस? दीड महिना. कोणाला सांगितलंस? कोणालाच नाही.

इथे जरा थांबून सांगते कारण हे खूप मुलींच्या बाबतीत होतं आणि त्यांना वाटतं आपण एकट्याच. व्यायाम भरपूर आणि पोटात अन्न कमी असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर एकेक काम बंद करायला लागतं, पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, सर्दी-खोकला हटत नाही, टायमिंग सुधारायचं सोडून पडायला लागतं, झोप आणि मूड दोन्ही बिघडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आणि हे मुलग्यांनाही होतं हेही तेव्हाच सांगितलं. पाळी बंद होणं म्हणजे ट्रेनिंग लागू पडणं नाही, कृपा करून हे ग्राउंडवर एकमेकींना सांगू नका. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचं. आणि नडगीत सगळीकडे पसरून दुखणं वेगळं, एका बोटाच्या जागेवर दुखणं आणि रात्री ठणकणं वेगळं, दुसऱ्या प्रकारात हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसतही नाही.

तिची तीच निघाली. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला, त्यात चीर दिसली, आठ आठवडे पळणं बंद. हिमोग्लोबिनही कमी. ऑल इंडिया, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा पाच आठवड्यांवर होती.

रिपोर्ट हातात घेऊन ती मला म्हणाली, "मॅडम हे सरांना सांगू नका." आणि मी नाही सांगितलं. हे मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच मुलांना वाटतं कॉलेजचा समुपदेशक म्हणजे कॉलेजचा माणूस, याला सांगितलं की दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये पोचणार. तसं होता कामा नये. जिवाला धोका असेल तेवढं सोडून तुमचं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये, पीटीच्या सरांकडेही नाही आणि आईवडिलांकडेही नाही, आणि पहिल्याच भेटीत तुम्ही हे स्पष्ट विचारून घेऊ शकता. मी तिला एवढंच म्हटलं, मी सांगणार नाही, पण तू का सांगत नाहीस ते मला कळू दे.

तिची भीती टीमची नव्हतीच. तिला होस्टेल फुकट होतं आणि फी माफ होती, स्पोर्ट्स कोट्यातून. तिला पक्कं वाटत होतं की ऑल इंडियाला नाही पळाली तर जानेवारीत बॅग भरून घरी. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब लिहितात, फी भरणं त्यांना शक्यच नव्हतं. मी विचारलं हे तुला कोणी सांगितलं? सीनियर्सनी. कागद बघितलास का? कसला कागद?

तर आम्ही कागद शोधला. अॅडमिशनच्या वेळी तिच्या वडिलांनी सही केलेलं सवलतीचं पत्र, ऑफिसमधून झेरॉक्स काढून आणलं आणि दोघींनी ओळ न्‌ ओळ वाचलं. सवलत पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी होती. पुढच्या वर्षी चालू ठेवायची का ते आधीच्या कामगिरीवर आणि क्रीडा संचालकांच्या शिफारशीवर ठरणार होतं. स्पर्धा चुकली तर वर्षाच्या मध्ये काढून घेऊ असं एक अक्षर नव्हतं. दीड महिना ती मोडक्या हाडावर पळत होती, कुठेच न लिहिलेल्या नियमापायी. मला त्या दिवशी खरंच खूप राग आला, तिचा नाही, आपल्या सगळ्यांचा, की अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना आपण ट्रॅकसूट देतो, शूज देतो, पण त्यांच्या सवलतीच्या अटी समोर बसवून वाचून दाखवत नाही.

प्रत्येकाचं पत्र असंच असेल असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी अटी कडक असतात. म्हणूनच वाचा. सवलत किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, कोण ठरवणार, हे लेखी मागा. तोंडी कबूल केलेलं कोच बदलला की हवेत जातं.

मग सरांशी बोलायचं ठरलं. दोन दिवस आम्ही माझ्या केबिनमध्ये सराव केला, मी सर व्हायचे आणि ती बोलायची. पहिल्यांदा ती "सर सॉरी" पासून सुरू करायची. मी म्हटलं सॉरी काढ, तू काही चूक केली नाहीयेस. शेवटी वाक्य असं जमलं की सर, माझ्या नडगीच्या हाडाला चीर आहे, हा रिपोर्ट, डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलेत, मला पुढचा सीझन पळायचंय म्हणून आत्ता थांबतेय. सर आधी चिडले. इतके दिवस का लपवलं, आता मी एन्ट्री कशी बदलू. त्यांची बाजूही खोटी नव्हती, तिचं नाव पाठवून झालं होतं, आणि मुलं पदक आणतात त्यावर त्यांचंही मोजमाप होतं, एकट्या माणसाने चौदा खेळ बघायचे म्हटल्यावर कोणाची नडगी दुखतेय ते दिसणार कुठून. थोड्या वेळाने त्यांनी रिपोर्ट मागून घेतला, डॉक्टरांचा नंबर घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की पोहायला येत असेल तर डॉक्टरांना विचारून पूलवर ये, ग्राउंडवर दिसलीस तर बघ.

हजेरीचं मात्र पूर्ण सुटलं नाही, तेही खरं सांगते. युनिव्हर्सिटीकडून खेळायला गेलेले दिवस हजेरीत धरायची सोय बऱ्याच विद्यापीठांच्या नियमांत आहे, पण ती आपोआप लागत नाही, क्रीडा विभागाचं पत्र आणि तारखा घेऊन वर्गशिक्षकांना द्यावं लागतं, आणि तेही जायच्या आधी. हिने आंतरमहाविद्यालयीन आणि कॅम्पचं एकही पत्र दिलं नव्हतं, सगळी पत्रं बॅगेच्या तळाशी चुरगळलेली सापडली. प्राचार्यांनी ते दिवस धरले, डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीचे धरले, पण झोप लागली म्हणून चुकलेली साडेसातची लेक्चर्स नाही धरली. इंटरनल दोन विषयांची परत झाली, एका विषयाला एटीकेटी लागली. मला ते बरोबर वाटलं. खेळाडूने अभ्यास करायचाच आहे, तेवढी अपेक्षा कॉलेजने ठेवायलाच हवी, फक्त जेवण आणि झोप मिळेल असं टाइमटेबलही कॉलेजनेच द्यायला हवं.

आपल्याकडे पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट फार प्रेमाने सांगतात, की १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले, आणि खाशाबा ब्राँझ घेऊन आले. मलाही ऐकताना भरून येतं. पण आज कुठल्याच प्राचार्याला घर गहाण ठेवायची वेळ यायला नको, आज प्रवासभत्ता, जेवणभत्ता, किट या गोष्टी बजेटमध्ये असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळच आहे, तर पैसे कुठे आहेत हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

विचारूनही कोणी ऐकलं नाही तर? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाचा लोकपाल असतो. लेखी द्या, पोच घ्या.

मुलींना अजून एक सांगायचंय. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेचं ठिकाण, मग ते निवासी असो वा नसो, हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे टूरवर रात्री रूमवर बोलावणं, मालिशच्या नावाखाली हात लावणं, मेसेज करणं, हे "ग्राउंडवर चालतं" या खात्यात जात नाही. कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, सबळ कारण असेल तर मुदत वाढते. टूरला महिला मॅनेजर आहे का हे आधीच विचारा.

आणि पावडरी. हिलाही जिममधल्या एका दादाने ताकदीची पावडर दिली होती, डब्यावर धड लेबल नाही. नाडाचा, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा नियम साधा आणि कठोर आहे, तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला तुम्ही जबाबदार, कोणी दिलं हे सांगून सुटका होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतसुद्धा बंदी असलेलं औषध असतं, त्यामुळे डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "मी खेळाडू आहे" हे असू द्या.

घरी सांगायचा प्रसंग सगळ्यात अवघड गेला. तिने वडिलांना फोन केला तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग विचारलं, "मग आता जेवतीस का नीट?" फ्लेक्सबद्दल एक शब्द नाही.

जेवणाचं आम्ही केलं. रेक्टर मॅडमना सांगून खेळाडूंचे डबे साडेनऊपर्यंत झाकून ठेवायचं ठरलं, पहाटेच्या सरावाआधी केळी आणि दूध. मेसच्या भिंतीवर यादी लागली, पहिल्या आठवड्यात चार नावं होती आणि महिनाभरात एकोणीस झाली, त्यात मुलग्यांच्या होस्टेलची विचारणा आली ती वेगळीच. मार्चमध्ये तिची पाळी सुरू झाली. पुढच्या सीझनला ती आंतरमहाविद्यालयीनला पंधराशे पळाली, दुसरी आली, टायमिंग आधीपेक्षा चार सेकंद मागे होतं. एटीकेटी त्याआधीच सुटली होती.

तर कबड्डीवाल्या मित्रा, तू विचारलंस कोणाला सांगू. आधी डॉक्टरला, उद्याच, आणि काय निघालं ते लेखी घे. मग तो कागद घेऊन सरांकडे, वेळ मागून, ग्राउंडवर सगळ्यांसमोर नको. इंटरनलचा अर्ज कॅम्पला निघायच्या आधी वर्गशिक्षकांना, क्रीडा विभागाच्या पत्रासकट, आणि एक झेरॉक्स स्वतःकडे. सरांनी काढलंच तर का काढलं ते लिहून मागायचं आणि बरं झाल्यावर परत ट्रायल मिळेल का ते त्याच अर्जात विचारायचं. रात्री फार घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि सरांशी काय बोलायचं याचा सराव करायचा असेल तर शनिवारी दुपारी फोन कर, मी सर होते.