प्रीप्रिंटवरचं नाव जर्नलला पाठवताना काढता येतं का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या साइटवर पाच नावांनी प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीच सगळ्यांसाठी खुला ठेवलेला पेपर) आहे, आणि जर्नलला पाठवायच्या वेळी गाईड म्हणतायत, नव्या मुलाचं नाव घाल आणि लॅब सोडून गेलेल्या मुलीचं काढ.

घालायला काहीच हरकत नाही. मधल्या काळात त्याने खरोखर प्रयोग केले असतील तर नाव यायलाच हवं. काढण्याचं मात्र वेगळं आहे. ती लॅब सोडून गेली, पण तिने घेतलेली रीडिंग्ज पेपरात आहेतच ना? तिची आकृतीच गाळली असेल तर बोलता येईल, तेही तिला विचारून.

नियमाचं म्हणाल तर जर्नलला देताना तुम्ही द्याल ती यादी धरली जाते, जुन्या यादीबद्दल बहुधा कुणी विचारत नाही. गडबड होते ती नेमकी इथे. पण प्रीप्रिंट पुसला जात नाही. नवी आवृत्ती चढवली तरी जुनी तारखेसकट तिथेच राहते, आणि दोन याद्या शेजारी ठेवून बघायला कुणालाही दोन मिनिटं लागतात. डिसेंबर 2022 मध्ये मेडआर्काइव्हवर, म्हणजे वैद्यकातल्या तशाच साइटवर, आलेल्या एका प्रीप्रिंटच्या लेखकांत चक्क चॅटजीपीटी होता. फेब्रुवारी 2023 मध्ये तोच पेपर प्लॉस डिजिटल हेल्थ या जर्नलमध्ये छापून आला, तेव्हा ते नाव गायब. मेडआर्काइव्हवर ते आजही दिसतं. तिथे निदान रुसायला कुणी नव्हतं!

एकदा सबमिट केलं की मग खरा ताप. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) शिफारशींप्रमाणे संपादक बदलाचं कारण मागतात, शिवाय सगळ्यांच्या सह्या, ज्याचं नाव निघतंय त्याचीसुद्धा. आम्ही रिव्हिजनच्या वेळी, म्हणजे पेपर सुधारून परत पाठवताना, फक्त एक नाव वाढवलं, तर सहा सह्यांचा फॉर्म आला. एक सहलेखक जर्मनीत, त्याचा इन्स्टिट्यूटचा ईमेल बंद. शेवटी त्याच्या आईला फोन करून व्हॉट्सॲप नंबर मिळवला. काकूंनी आधी त्याच्या लग्नाचं बघताय का विचारलं. तीन आठवडे गेले त्या एका सहीत.

तेव्हा सबमिट करायच्या आधीच पाचही जणांना आणि नव्या मुलाला एकच मेल टाका: नवी यादी, क्रम, कुणी काय केलं, आणि ‘मान्य असल्यास उत्तर द्या’. सगळ्यांचे होकार आले की आधी प्रीप्रिंटची नवी आवृत्ती चढवा. पेपर जर्नलमध्ये स्वीकारला गेल्यावर बायोआर्काइव्ह ती घेत नाही. पेपरसोबत संपादकांना जाणाऱ्या कव्हर लेटरमध्येही एका ओळीत बदल सांगून टाका.

आणि सरांना तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणायला जाऊ नका. ‘सर, तिचं नाव प्रीप्रिंटवर राहणारच आहे, तिला आधी मेल टाकू का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.