फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये हिरव्या सर्किटची लाइन कमी जागेत बसवली, रेशो ३:२ ठेवला, तरी निम्मी मशिनं उभीच असतात. काय चुकतंय?

रेशोला हात लावू नका. तारेची ३ मशिनं आणि सर्किटची २, हे गणित पक्कं आहे. चुकतायत ते हात. मशीनमधून मशीनमध्ये माल टाकणारे पिवळे इन्सर्टर मोजलेत का कधी? नसणारच. कोणी मोजत नाही. आमच्या दादानेही मोजले नव्हते.

आम्ही इंदूरचे. सांवेर रोडला एक शेड भाड्याने घेऊन मी आणि दादाने शेवेचं काम सुरू केलं होतं. इंदुरात शेव विकायची म्हणजे नदीकाठी पाणी विकायचं, पण बरं चाललं होतं. दोन कढया, पलीकडे पॅकिंगच्या बायका, आणि मधे एकच पोऱ्या. त्याने गरम शेव परातींत पसरायची, गार झाली की टेबलावर न्यायची. गरम शेव पाकिटात भरली की आत वाफ धरते आणि शेव मऊ पडते, हे सांगायला नको.

माल कमी पडू लागला तसा दादा म्हणाला, तिसरी कढई घेऊ. मी हिशेबाच्या वहीवर बसणारा, पण त्या दिवशी दुपारभर शेडमध्ये उभा राहून बघितलं. कढईजवळ शेवेचा ढीग आणि टेबलापाशी बायका हातावर हात ठेवून बसलेल्या. म्हटलं, "दादा, कढई नको, अजून एक माणूस हवा." तो म्हणाला, "तू वही सांभाळ." कढई आली, कर्ज काढून. ढीग दुप्पट झाला. पोऱ्या घाईघाईने कोमट शेवच टेबलावर नेऊ लागला आणि देवासपासून धारपर्यंत दुकानांतून पाकिटं परत यायला लागली. पुढच्या दिवाळीआधी शेड सोडली.

आता तुमची लाइन. मागच्या रंगपंचमीला गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, बघून आलो, तर पुतण्या लॅपटॉपवर अगदी हेच घेऊन बसला होता. "काका, रेशो बरोबर आहे, तरी अडकतंय." मी त्याच्या शेजारी बसलो. पहिल्या दर्जाचं असेंबलर, म्हणजे माल बनवणारं मशीन, सेकंदाला १ सर्किट काढतं, त्याला ३ तारा लागतात. पिवळा हात सेकंदाला जेमतेम ०.८ नग उचलतो. मधलं तारेचं मशीन दोन्हीकडे देतं असं धरलं तरी एका सर्किटवाल्याला दोनच हात, म्हणजे १.६ च्या आसपास. निम्म्याहून थोडं जास्त! तारेची मशिनं भरून थांबतात, सर्किटची उपाशी राहतात, आणि आपण रेशो तपासत बसतो. तिथे निळे, म्हणजे जलद इन्सर्टर लावले की एकेक सव्वादोनच्या वर देतो, दोन मिळून भागतं. लोखंड आणि तांबं आत घेणारे, सर्किट बाहेर काढणारे हातही बदला. तिथे सेकंदाला १ नग लागतो आणि पिवळा तेवढाही देत नाही.

बहुतेक लोक याउलट करतात. मशिनंच दुसऱ्या दर्जाची करतात. ही तिसरी कढई झाली. मग तारांची गरज ४.५ वर जाते आणि हात तेच.

कमी जागेचं म्हणाल, तर तार बेल्टवर घालू नका, एवढं पुरे. पिवळा बेल्ट सेकंदाला १५ नग नेतो. ३ तारांना १ सर्किट, म्हणजे अख्खा बेल्ट अडवून ५ सर्किटं. तीच तार मशीनमधून थेट मशीनमध्ये टाकली की तो बेल्टच वाचतो. लोखंड आणि तांब्याचे बेल्ट शेजारीशेजारी ठेवा, लांबच्या बेल्टवरून लाल लांब हाताने उचला. बाकी कोपऱ्यात कोंबून बसवायची हौस मला कळत नाही. नकाशाला अंत नाही, जागेचं भाडंही नाही.

पुतण्याची लाइन धावायला लागली तेव्हा दादा मागे पोह्यांची बशी घेऊन उभा होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "बघ, मशीन कमी नव्हतं, हात कमी होता." तो म्हणाला, "गेममध्ये पोऱ्याला पगार द्यावा लागत नाही."

हे मात्र सांगायला हवं. दुसरा माणूस ठेवायचा तर पगार कुठून, असं त्या वेळी वही उघडून मीच विचारलं होतं. कढईला कर्ज मिळत होतं, पोऱ्याला कोण देणार.

आणि हो, निळे हात वीज जास्त खातात. वीज अपुरी पडली की सगळंच मंदावतं, तेव्हा बदलण्याआधी बॉयलर बघून घ्या. गेममध्ये इन्सर्टरची क्षमता वाढवण्याचं संशोधन झालं की एका फेरीत हात जास्त नग उचलतात, मग वरचे आकडे बदलतील.