मॉडेल रेल्वेतला एचओ स्केलचा बॉक्सएन (भारतीय रेल्वेचा उघडा मालडबा) खऱ्यासारखा आहे का, कसं ओळखायचं?

भावा, आधी पट्टी लाव, कपलर (डबे जोडायचा आकडा) सोडून नुसता डबा ११२ मिमीच्या आसपास भरला तर माप बरोबर, कारण खरा बॉक्सएन ९७८४ मिमी आणि एचओ म्हणजे १:८७, सरळ भागाकार. (कपलर मोजू नको, मॉडेलचे तसेही अवाढव्यच असतात.) मग टोकं बघ, दोन बाजूला गोल बफर (धक्का झेलणाऱ्या तबकड्या) असले की युरोपातल्या डब्याला नुसता तांबडा रंग फासलाय समज, बॉक्सएनला मधोमध एकच कपलर असतो, कोल्हापूर-मिरज करताना मालगाडी दिसली की बघून घे. फक्त चाकांवरनं भांडत बसू नको, आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, म्हणजे मॉडेलात १९.३ पाहिजे, पण एचओचा ट्रॅक १६.५ चाच, त्यामुळं चाकं जरा आत गेलेली दिसणारच.