हँगरच्या दारातून : उभ्या विमानाची दुखणी

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की संग्रहालयातलं लढाऊ विमान उडताना थकत नाही इतकं उभं राहून थकतं. त्यावर बरीच पत्रं आली. वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा सांभाळणारा कारागीर, होतो आणि निवृत्तीनंतरही संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्येच रमलो, म्हणून संपादकांनी ती सगळी माझ्याकडे धाडली. त्यातली पाच इथे घेतो.

प्रश्न : नातवाला कॉकपिटमध्ये बसायचं होतं. ‘दोरीच्या अलीकडूनच बघा,’ असं सांगितलं. विमानात इंधन नाही, गोळ्या नाहीत. मग एवढी भीती कसली?

उत्तर : नातवाचा रुसवा मला समजतो. पण कॉकपिट ही विमानातली सगळ्यात अवघड जागा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या घड्याळांवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यांना किरणोत्सर्गी रेडियमचा रंग लावलेला असायचा. त्या रंगात रेडियमबरोबर झिंक सल्फाइड असतं, आणि चमकतं ते झिंक सल्फाइड. काही दशकांत ते मरतं, आकडे तपकिरी पडतात आणि माणसाला वाटतं, संपलं सगळं. रेडियम मात्र निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. वर त्यातून रेडॉन हा तसाच किरणोत्सर्गी वायू निघतो आणि बंद कॅनोपीखाली, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली, साचून राहतो. म्हणून अशा विमानाची कॅनोपी उघडली की आम्ही आधी हवा खेळू देतो, किरणोत्सर्ग मोजणारा मीटर फिरवतो, मगच आत वाकतो. काच तडकलेली असेल तर ते घड्याळ तसंच ठेवून वेगळी माणसं बोलावतो. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या तुमच्या नातवाला त्याचा काही त्रास नाही.

जेट विमानांत दुसरंच प्रकरण. पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटखाली स्फोटक काडतुसं असतात. हॅरिअर किंवा हॉकच्या कॅनोपीवर नागमोडी रेघ दिसते, ती नक्षी नाही. सीट सुटायच्या आधी कॅनोपी फोडणारी ती स्फोटक दोरी आहे. संग्रहालयात आणताना हे सगळं काढून टाकतात, आणि काढल्याचा कागद सापडेपर्यंत मी तरी कुठल्याही सीटवर बसत नाही. कागद असला तरी आधी सीटखाली वाकून बघतो. सवय आहे.

प्रश्न : इतकी मेहनत घेऊन विमान नीट करता, मग उडवत का नाही? उडणार नाही ते विमान कसलं!

उत्तर : या प्रश्नावर वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी भांडणं होतात. मी न उडवणाऱ्यांच्या बाजूचा. पण दुसऱ्या बाजूचं आधी सांगतो. १९४२ च्या जुलैमध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर उतरावं लागलेलं पी-३८ लाइटनिंग जातीचं एक अमेरिकन लढाऊ विमान ५० वर्षांनी, १९९२ साली, सुमारे ८० मीटर बर्फाखालून तुकड्यातुकड्यांनी वर काढलं. २००२ मध्ये ते पुन्हा उडालं. इंजिनाचा आवाज काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, हे मलाही मान्य.

आता माझी बाजू. ‘ब्लॅक सिक्स’ नावाचं जर्मन मेसरश्मिट १०९ लिबियात १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियन तुकडीच्या हाती लागलं. इंग्लंडमध्ये माणसांनी वर्षानुवर्षं सुट्ट्या घालवून ते जुळवलं आणि १९९१ मध्ये ते उडालं. ते उडवणं थांबवायचं ठरत आलेलं असतानाच १२ ऑक्टोबर १९९७ रोजी डक्सफर्डजवळच्या शेतात ते उलटलं. पायलट वाचला. विमान नंतर पुन्हा नीट केलं, पण केवळ उभं ठेवायला. शिवाय उडवायचं म्हटलं की विश्वास न वाटणारा प्रत्येक जुना भाग बदलावा लागतो, आणि ते योग्यच आहे, कारण आत माणूस बसणार. बदलत बदलत मूळचं किती उरलं, हे मात्र मग नंबरप्लेटलाच विचारायचं.

प्रश्न : एका संग्रहालयातल्या विमानाचा रंग उडालेला, पत्रा पोचलेला. नवा रंग द्यायला पैसे नसतात का?

उत्तर : पैसे नसतात हे खरंच. पण पुष्कळदा तो रंग मुद्दाम राखलेला असतो. रंगाखाली रंग असतो. आम्ही बोटाच्या पेराएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवतो. कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसू लागतात: वर संग्रहालयाचा चकचकीत राखाडी, त्याखाली सरावाच्या दिवसांतला चंदेरी, मग हिरवा, मग पिवळसर प्रायमर आणि शेवटी धातू. ते विमान कुठे कुठे राहिलं, ते त्या वर्तुळांत असतं. वरून सरसकट घासून नवा रंग मारला, की ते गेलं.

हे शहाणपण मला एक नुकसान करून आलं. वर्कशॉपमधलं पहिलंच वर्ष. पंखाच्या मुळाशी असलेलं एक झाकण उघडलं तर आत तेलकट काळा थर. मी सॉल्व्हंटचा बोळा घेऊन जोमाने पुसलं. निम्मं पुसून झाल्यावर उरलेल्या भागात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. चार उभ्या रेघा, त्यांवर एक आडवी, पुन्हा चार. कारखान्यात कुणीतरी रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, मोजत बसलं होतं. बाजूला एक नाव असावं, त्याचं शेवटचं अक्षर तेवढं राहिलं होतं. बाकीचं माझ्या बोळ्यावर. तेव्हापासून आधी फोटो, मग फडकं.

पत्रा पोचलेला आहे म्हणता, त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी वाटते फुगलेल्या पत्र्याची. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. पोलादी बोल्टच्या भोवती दमट हवेत ती आधी धरते. दुर्लक्ष केलं तर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे धातूचे पापुद्रे सुटतात. समुद्रातून काढलेल्या विमानाचं तर विचारूच नका. २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतून डॉर्निअर १७ हे जर्मन बॉम्बर विमान वर काढलं, तेव्हा मीठ आणि शिंपले सोडवायला त्यावर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्याचे फवारे सतत मारावे लागले.

आणि प्रत्येक विमान निव्वळ धातूचं नसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन विमानाच्या मागच्या अंगाला पोलादी नळ्या, लाकडी पट्ट्या आणि वर कापड. भारतीय वायुसेनेत १९४८ मध्ये आलेलं पहिलं जेट व्हॅम्पायर, त्यात पायलट बसायचा तो पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा. हवा फार कोरडी केली की लाकूड तडकतं, दमट ठेवली की बोल्ट गंजतो. हँगरचा हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजणारा काटा, बघताना मी नेहमी कुणाच्या तरी विरोधात असतो.

प्रश्न : काही विमानांची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली दिसतात. का?

उत्तर : वजन जॅकवर घेतलेलं असतं. टायर एकाच जागी दबून राहिला तर तिथे चपटा होतो, आणि त्या मापाचा नवा टायर आता पुष्कळदा कुणी बनवत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या फाटकाशी एक जुनं जेट उघड्यावर उभं आहे. दरवर्षी रंग देतो. आणखी काय करावं?

उत्तर : रंग देणाऱ्याला एक गोष्ट बजावा. पोटाखाली आणि पंखांखाली सगळ्यात खालच्या जागी बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. दरवर्षीच्या रंगाने ती हटकून बुजतात. मग पंखात पाणी साचतं आणि बाहेरून विमान लखलखीत दिसत राहतं. हवा आत घेण्याच्या तोंडाला आणि मागच्या नळकांड्याला जाळी लावा, नाहीतर पक्षी घरटी करतात आणि त्यांची विष्ठा पत्रा खाते. कॅनोपीवर कापडाचं झाकण घाला, उन्हाने ती दुधाळ होते. पण आधी ती भोकं. लाकडी काडीने एकेक मोकळं करा, खाली बादली ठेवा. किती पाणी निघालं ते मला लिहून कळवा.